शिक्षणासाठी समुद्रापार: आशिया आणि प्रशांत महासागरातील देवाणघेवाणीचा दीर्घ हिशेब

एका देशातील विद्यार्थी, शिक्षक किंवा संशोधक यांनी ठरावीक काळ दुसऱ्या देशातील शिक्षणसंस्थेत राहून शिकणे, शिकवणे वा संशोधन करणे आणि त्यानंतर मायदेशी परतणे, या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाण म्हणतात. स्वतःच्या खर्चाने परदेशी पदवी मिळवण्याशी तिची अनेकदा सरमिसळ होते. परंतु देवाणघेवाणीमागे दोन समाजांनी, सरकारांनी किंवा संस्थांनी ठरवलेला हेतू असतो, तिचा खर्च बहुधा शिष्यवृत्तीतून किंवा करारातून भागतो आणि जाणारा परत येईल ही अपेक्षा तिच्यात गृहीत असते. आशिया खंडात आणि प्रशांत महासागराच्या काठांवरील देशांत हा व्यवहार आधुनिक स्वरूपात सुमारे दीडशे वर्षे चालू आहे आणि या सर्व काळात त्याला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे: खर्च आज होतो, लाभ कधी मिळणार? प्रश्न रास्त आहे. मात्र इतिहास तपासला असता असे दिसते की, या व्यवहाराचा सर्वांत टिकाऊ लाभ परतलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या संस्थांमध्ये साठत जातो, तो दिसायला पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि खर्च करणाऱ्याने जिथे तो अपेक्षिलेला असतो, तिथे तो पुष्कळदा मिळतच नाही. देवाणघेवाणीचे मूल्यमापन वार्षिक ताळेबंदाने का करता येत नाही, याचे उत्तर या तीन गोष्टींत आहे.

फसलेल्या योजनेची फलश्रुती

चीनच्या छिंग राजवटीने १८७२ ते १८७५ या काळात तीस-तीसच्या चार तुकड्यांत एकूण १२० मुलगे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात शिकायला पाठवले. अमेरिकी विद्यापीठाचे पहिले चिनी पदवीधर मानले जाणारे आणि १८५४ साली येल विद्यापीठातून उत्तीर्ण झालेले युंग विंग हे या योजनेचे प्रवर्तक होते. मुलांनी पंधरा वर्षे तेथे राहून अभियांत्रिकी, नौकाविद्या आणि लष्करी शास्त्र शिकावे व परत येऊन राज्याची सेवा करावी, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात ही मुले अमेरिकी कुटुंबांत वाढली, बेसबॉल खेळू लागली, काहींनी राजनिष्ठेची खूण मानली जाणारी वेणी कापली, काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यामुळे पेकिंगमधील सनातनी अधिकारी अस्वस्थ झाले. त्याच सुमारास अमेरिकेत चिनी मजुरांविषयीचा द्वेष वाढत होता आणि तेथील लष्करी अकादमींची दारेही या मुलांसाठी उघडली नाहीत. अखेर १८८१ साली दरबाराने सर्वांना माघारी बोलावले. बहुतेकांचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि मायदेशी त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता, तर योजना पुरती बुडाली असाच निष्कर्ष निघाला असता.

पुढच्या तीस वर्षांनी हा निष्कर्ष खोटा ठरवला. माघारी येण्यापूर्वी पदवी पूर्ण करू शकलेल्या मोजक्या मुलांपैकी झान तियानयू यांनी येलमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकली होती; त्यांच्या नेतृत्वाखाली १९०५ ते १९०९ या काळात पेकिंग ते झांगजियाकोउ हा डोंगराळ प्रदेशातून जाणारा सुमारे २०० किलोमीटरचा लोहमार्ग परदेशी अभियंत्यांच्या मदतीविना बांधला गेला. तांग शाओयी हे १९१२ साली चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. लियांग चेंग हे वॉशिंग्टनमध्ये चीनचे राजदूत झाले आणि त्यांच्या कामगिरीतून या साखळीची पुढची कडी जुळली.

परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावानंतर १९०१ साली विजेत्या राष्ट्रांनी चीनवर प्रचंड युद्धदंड लादला होता. अमेरिकेच्या वाट्याची रक्कम तिच्या प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा बरीच अधिक आहे, हे लक्षात आल्यावर लियांग चेंग यांनी ती परत मिळावी यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९०८ साली अमेरिकी काँग्रेसने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सोडण्यास मान्यता दिली. त्यातून १९०९ पासून विद्यार्थी अमेरिकेला जाऊ लागले आणि त्यांच्या पूर्वतयारीसाठी १९११ साली पेकिंगमध्ये जी शाळा निघाली, तिचे पुढे त्सिंग्हुआ विद्यापीठ झाले. तिच्या आरंभीच्या प्रमुखांपैकी तांग ग्वोआन हेही १८७० च्या दशकात अमेरिकेला गेलेल्या मुलांतलेच होते. या दुसऱ्या पिढीतून विचारवंत हू शी आणि आधुनिक चिनी हवामानशास्त्राचा पाया घालणारे जू केझेन पुढे आले. याच निधीच्या शिष्यवृत्तीवर १९४५ साली शिकागोला गेलेले यांग चेन-निंग यांना १९५७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दरबाराने पहिल्या तुकड्यांवर खर्च केला, तो १९१२ मध्येच लयाला गेला होता. लाभ मिळाला तो त्याच्यानंतरच्या चीनला.

टोकियोहून हिंगण्यापर्यंत

परतलेला विद्यार्थी नव्या विद्यार्थ्यांसाठी वाट तयार करतो, हे जपानमधील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. मेईजी सरकारने १८७१ साली इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला पाठवल्या. त्यांतील सर्वांत लहान त्सुदा उमेको तेव्हा अवघी सहा वर्षांची होती. १८८२ साली ती परतली तेव्हा तिला मातृभाषा परकी झाली होती आणि सरकारपाशी तिच्यासाठी काही निश्चित कामही नव्हते. पुढे ती पुन्हा अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात शिकायला गेली, त्याच काळात तेथील परिचितांकडून निधी जमवून तिने जपानी स्त्रियांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली आणि १९०० साली टोकियोत स्वतःची शाळा काढली, जी आज त्सुदा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या कावाई मिची यांनी पुढे केइसेन ही मुलींची शाळा स्थापन केली, तर होशिनो आई यांनी त्सुदा यांच्याच संस्थेची धुरा वाहिली. जपानच्या ५,००० येनच्या नव्या नोटेवर २०२४ पासून त्सुदा यांचे चित्र आहे. सहा वर्षांच्या मुलीला समुद्रापार धाडण्याच्या निर्णयाचे सार्वजनिक मोल ठरायला दीड शतक लागले.

याच काळात नारुसे जिंझो हे जपानी शिक्षक १८९० ते १८९४ अशी चार वर्षे अमेरिकेत राहून तेथील स्त्रीशिक्षणाचा अभ्यास करून परतले आणि १९०१ साली त्यांनी टोकियोत जपान महिला विद्यापीठ उभारले. या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. विधवा आणि अनाथ स्त्रियांच्या शिक्षणासाठी हिंगण्याला दीर्घकाळ काम करत असलेल्या कर्व्यांना, स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन आखलेले आणि देशी भाषेतून शिकवणारे स्वतंत्र विद्यापीठ आशियाई देशात चालू शकते, याचा दाखला त्या पुस्तिकेत मिळाला. १९१५ साली मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर तेच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने प्रसिद्ध झाले. स्त्रियांना वेगळा अभ्यासक्रम असावा की पुरुषांच्या बरोबरीचा, हा वाद तेव्हाही झाला आणि त्यात कर्व्यांच्या विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. मात्र नारुसे यांच्या अमेरिकेतील चार वर्षांचा एक परिणाम पुण्याजवळच्या एका माळरानावर प्रकट व्हावा, हे कोणत्याही सरकारच्या योजनेत लिहिलेले नव्हते.

पश्चिमेला वळसा न घालता

आशियातील ज्ञानव्यवहार नेहमी पश्चिमेच्या मध्यस्थीने झाला, असे मात्र नाही. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने घराबाहेर पडले आणि १९०२ साली श्रीलंकेला पोहोचले; कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या पारंपरिक विद्यालयात, आचार्य सुमंगल यांच्याकडे त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला आणि पुढे ब्रह्मदेशातील विहारांतही काही काळ घालवला. त्यांच्यापाशी कोणतीही सरकारी शिष्यवृत्ती नव्हती. परदेशी जिज्ञासूला अन्न, निवारा आणि गुरू देण्याची विहारांची जुनी परंपरा हाच त्यांचा आधार होता. भारतातून जवळजवळ लोपलेली विद्या ते अशा रीतीने शेजारच्या देशांतून परत घेऊन आले. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण झाले आणि १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले.

तेथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अभ्यासकांत पु. वि. बापट होते, तसेच चिमणरावांचे जनक म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले चिं. वि. जोशीही होते. बापट पुढे दिल्ली विद्यापीठातील बौद्ध अध्ययन विभागाचे प्रमुख झाले आणि जपानी अभ्यासक हिराकावा आकिरा यांच्या सहकार्याने त्यांनी एका चिनी विनयग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, जो १९७० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. सिंहली आचार्य, गोमंतकीय विद्यार्थी, पुण्यातील वर्ग आणि जपानी सहकारी अशी ही परंपरा आहे. आणि तिच्या मुळाशी एका परिवेणाने दाखवलेले औदार्य आहे.

शीतयुद्ध आणि शिष्यवृत्त्या

दुसऱ्या महायुद्धानंतर देवाणघेवाण हे परराष्ट्रधोरणाचे साधन बनले. युद्धानंतर परदेशात उरलेल्या अमेरिकी साहित्याच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थी व प्राध्यापकांच्या प्रवासासाठी वापरावा, असा कायदा सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ साली झाला. त्याखालील पहिला करार १९४७ साली चीनशी, तर भारताशी करार फेब्रुवारी १९५० मध्ये झाला. जानेवारी १९५० मध्ये राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कोलंबो येथील बैठकीत दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या विकासासाठी एका योजनेची कल्पना पुढे आली आणि १ जुलै १९५१ पासून ‘कोलंबो योजना’ अमलात आली. हवाई बेटांना अमेरिकेच्या राज्याचा दर्जा मिळाल्यानंतर लगेचच, १९६० साली, होनोलुलू येथे अमेरिकी काँग्रेसने ‘ईस्ट-वेस्ट सेंटर’ स्थापन केले, जिथे आशियाई, प्रशांत द्वीपीय आणि अमेरिकी विद्यार्थी एकत्र राहून शिकतात. साम्यवादाचा प्रसार रोखणे आणि नवस्वतंत्र देशांतील भावी नेतृत्व आपल्या बाजूला वळवणे, हा या योजनांमागील राजकीय हेतू तेव्हाही कोणी फारसा लपवला नव्हता.

तथापि हेतू आणि परिणाम यांची वाट एकच राहिली नाही. कोलंबो योजनेतून भारतात आलेली मदत पाहिली, तरी तिचा व्याप ध्यानात येतो: दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या उभारणीला न्यूझीलंडने अनुदान दिले, तर तुर्भे येथील ‘सायरस’ ही संशोधन अणुभट्टी कॅनडाच्या सहकार्याने उभी राहून १९६० साली कार्यान्वित झाली. अणुशक्तीविषयीचे प्रशिक्षण आणि साहित्य शांततेच्या कामासाठी दिले असल्याचा कॅनडाचा दावा होता, त्यामुळे भारताने १९७४ साली केलेल्या अणुचाचणीनंतर या सहकार्यावरून दोन्ही देशांत मोठा दुरावा निर्माण झाला. दिलेले ज्ञान घेणारा स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या गरजेप्रमाणे वापरतो, ही गोष्ट दात्यांना नेहमीच रुचते असे नाही.

ऑस्ट्रेलियातील परिणाम अधिक अनपेक्षित होता. १९०१ च्या कायद्यापासून त्या देशाने गौरेतर लोकांना स्थायिक होऊ न देण्याचे ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण राबवले होते. कोलंबो योजनेखाली मलाया, इंडोनेशिया, श्रीलंका, भारत इत्यादी देशांतील हजारो विद्यार्थी तेथे आले ते हे धोरण चालू असतानाच. ते सामान्य कुटुंबांत भाड्याने राहिले, विद्यापीठांच्या वसतिगृहांत वावरले, छोट्या गावांतील मंडळांच्या निमंत्रणांवरून व्याख्याने देऊन आले. योजनेचा उद्देश आशियाई विद्यार्थ्यांना ऑस्ट्रेलियाविषयी आपुलकी वाटावी हा होता. प्रत्यक्षात आशियाई माणसाविषयीची यजमानांची भीती ओसरायलाही तिने हातभार लावला. १९६६ साली ते धोरण शिथिल झाले आणि १९७३ पर्यंत उरलेले वंशाधारित निर्बंधही निघाले. या बदलामागे आर्थिक व राजनैतिक कारणे होतीच, पण सहवासाने तयार झालेले लोकमत हेही त्यांतील एक होते, असे इतिहासकार मानतात. परतलेल्यांपैकी बोएदियोनो यांनी १९६० च्या दशकात पर्थमध्ये अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. आशियाई आर्थिक संकटातून सावरणाऱ्या इंडोनेशियाचे ते अर्थमंत्री झाले आणि २००९ ते २०१४ या काळात उपराष्ट्रपती होते.

लोस बान्योसचे भात

ज्ञान, बियाणे आणि माणूस असे तिन्ही एकत्र प्रवास करतात तेव्हा काय घडते, हे फिलिपिन्समधील लोस बान्योस येथे पाहायला मिळते. १९६० साली तेथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९६६ साली तिने ‘आयआर-८’ हे अधिक उत्पन्न देणारे वाण प्रसारित केले. इंडोनेशियातील उंच ‘पेटा’ आणि तैवानमधील बुटके ‘दी-जिओ-वू-जेन’ यांच्या संकरातून ते निर्माण झाले होते, म्हणजे ते वाणच दोन देशांच्या देवाणघेवाणीचे अपत्य होते. शेजारीच असलेल्या फिलिपिन्स विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात आशियाभरातील विद्यार्थी पदवीसाठी येत आणि संस्थेच्या प्रयोगक्षेत्रांवर काम करत.

त्यांपैकी एक होते व्हिएतनामचे वो तोंग श्वान. युद्ध चालू असताना १९७१ साली ते मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातील कांथो विद्यापीठात परतले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तपकिरी तुडतुड्यांनी त्या प्रदेशातील भातपीक फस्त करायला सुरुवात केली, तेव्हा श्वान यांनी लोस बान्योसमधील आपल्या जुन्या संबंधांतून ‘आयआर-३६’ या कीडप्रतिकारक वाणाचे थोडेसे बियाणे मागवले. हे वाण पंजाबातील गुरदेव सिंग खुश यांनी तेथे विकसित केले होते. बियाणे अल्प आणि क्षेत्र अफाट असल्यामुळे एका जागी एकच रोप लावून बियाणे झपाट्याने वाढवण्याची पद्धत विद्यार्थ्यांना शिकवण्यात आली, विद्यापीठाचे नेहमीचे वर्ग दोन महिने बंद ठेवण्यात आले आणि विद्यार्थी बियाणे घेऊन गावोगाव गेले. व्हिएतनाम आणि फिलिपिन्स त्या काळी परस्परविरोधी राजकीय गटांत होते. सरकारे एकमेकांकडे संशयाने पाहत असताना माजी विद्यार्थी आणि त्याची शिक्षणसंस्था यांच्यातील विश्वास कामी आला. १९८६ नंतरच्या आर्थिक सुधारणांची जोड मिळाल्यावर १९८९ पासून व्हिएतनाम तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. २०२३ साली श्वान आणि खुश या दोघांना व्हिएतनाममधील विनफ्यूचर पारितोषिक एकत्रितपणे देण्यात आले.

याला एक कडवट बाजूही आहे. ज्या फिलिपिन्सच्या भूमीवर हे शिक्षण दिले गेले, त्यालाच पुढे थायलंड आणि व्हिएतनामकडून तांदूळ आयात करावा लागला, आणि ही विसंगती तेथील वृत्तपत्रांत व संसदेत वारंवार बोलून दाखवली जाते. बेटांवरील मर्यादित सपाट जमीन, वादळे आणि वाढती लोकसंख्या ही तिची मुख्य कारणे आहेत. मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांचा जो लाभ शेजाऱ्यांना मिळतो, तो ज्ञानाने भरून काढता येत नाही.

सहवासाच्या अटी

दोन समाजांतील माणसे एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, ही समजूत मात्र टिकणारी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलेल्या संपर्क-सिद्धान्तानुसार संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार गोष्टी अनुकूल असाव्या लागतात: दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, स्पर्धेऐवजी सहकार्य असावे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. प्रयोगशाळेतील संयुक्त काम किंवा एकत्र वसतिगृह या अटी बऱ्याच अंशी पूर्ण करते. पंधरा दिवसांची सहल त्या क्वचितच पूर्ण करते.

परदेशात रुळण्याची प्रक्रियाही सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीचा उत्साह, मग एकटेपणा व चिडचिड, आणि नंतर हळूहळू स्थिरावणे, असा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा क्रम नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांना १९५५ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अभ्यासात आढळला. १९६३ साली जॉन व जीन गलाहॉर्न या संशोधकांनी दाखवले की, परतल्यावर हाच चढ-उतार पुन्हा अनुभवाला येतो. माणूस बदललेला असतो, घर मात्र त्याला जुन्याच रूपात ओळखते. बाहेर शिकून आलेल्याला मायदेशी योग्य काम, उपकरणे आणि विश्वास मिळाला नाही, तर त्याचे शिक्षण वाया जाते. त्सुदा यांना स्वतःची शाळा काढावी लागली, कारण सरकारने त्यांच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. प्रत्येक परतणाऱ्याकडून मात्र एवढ्या जिद्दीची अपेक्षा करता येत नाही.

देवाणघेवाण काय करू शकत नाही

शैक्षणिक संबंधांनी युद्ध टळते, हा दावा प्रशांत महासागराच्याच इतिहासाने खोडून काढला आहे. १९४१ साली पर्ल हार्बरवरील हल्ल्याची आखणी करणारे अ‍ॅडमिरल यामामोतो इसोरोकू यांनी १९१९ ते १९२१ या काळात हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले होते. १९४० साली जर्मनी व इटलीशी त्रिपक्षीय करार घडवणारे परराष्ट्रमंत्री मात्सुओका योसुके ओरेगन विद्यापीठाचे पदवीधर होते. यामामोतो यांना अमेरिकेच्या औद्योगिक शक्तीची नेमकी जाणीव होती आणि त्यांनी दीर्घ युद्धाविरुद्ध इशाराही दिला होता, तरी निर्णयाची दिशा ते बदलू शकले नाहीत. समोरच्याला ओळखणे आणि त्याच्याशी शांततेने राहण्याइतकी राजकीय सत्ता हाती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यजमान राष्ट्राचा स्वार्थ बदलला की विद्यार्थी उघड्यावर पडतात, हाही एक धडा आहे. व्हिएतनामचे फान बोई चाऊ यांनी १९०५ साली ‘पूर्वेकडे चला’ अशी हाक देत सुमारे दोनशे तरुणांना जपानमध्ये शिकायला नेले. परंतु १९०७ साली फ्रान्स आणि जपान यांच्यात करार झाल्यावर दोन वर्षांतच त्या सर्वांना जपान सोडावे लागले. इंडोनेशियात कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातून शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या गटाने सुहार्तो राजवटीची अर्थव्यवस्था सावरली, पण त्या राजवटीच्या दडपशाहीला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. अर्थतज्ज्ञ अँतोनियो स्पिलिंबेर्गो यांच्या २००९ मधील संशोधनात लोकशाही देशांत शिकलेल्यांच्या मायदेशी लोकशाही रुजण्याशी परदेशी शिक्षणाचा संबंध आढळला; लोकशाही नसलेल्या देशांत शिकलेल्यांबाबत तो आढळला नाही. यजमान समाज विद्यार्थ्याला कसे वागवतो आणि स्वतः कसा वागतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

सर्वांत जुना आक्षेप म्हणजे बुद्धीचे स्थलांतर: शिकलेला माणूस परतलाच नाही, तर गरीब देशाने श्रीमंत देशाला फुकट मनुष्यबळ पुरवल्यासारखे होते. तैवानमधून अमेरिकेला गेलेले बहुसंख्य विद्यार्थी कित्येक वर्षे तिथेच राहिले. मात्र १९८० साली सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारून तैवानने त्यांच्यासाठी काम, घरे आणि भांडवल यांची सोय केली, १९८५ साली मॉरिस चँग यांना औद्योगिक संशोधन संस्थेच्या प्रमुखपदी बोलावले आणि १९८७ साली त्यांनी स्थापन केलेली टीएसएमसी कंपनी आज जगातील सर्वांत प्रगत चिप तयार करते. अमेरिकी अभ्यासक अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी या घटनेला बुद्धीचे अभिसरण म्हटले. माणूस एकदाच आणि कायमचा जातो, असे न होता तो, त्याचे भांडवल आणि त्याचे संपर्क दोन किनाऱ्यांदरम्यान फिरत राहतात. असे अभिसरण घडण्यासाठी घरच्या देशानेही तयारी करावी लागते, ही तैवानच्या अनुभवातील महत्त्वाची बाब आहे.

दिशा बदलताना

गेल्या काही दशकांत या व्यवहाराची दिशा बदलली आहे. जपानचे पंतप्रधान नाकासोने यांनी १९८३ साली एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवले, ते २००३ साली गाठले गेले. २००८ साली तीन लाखांचे उद्दिष्ट ठरले आणि २०१९ साली तेही ओलांडले गेले. ऑस्ट्रेलियाने २०१४ साली ‘नवी कोलंबो योजना’ सुरू करून आपल्याच तरुणांना आशिया व प्रशांत द्वीपांत शिकायला पाठवण्याचा प्रघात पाडला. पूर्वी शिकवणारा म्हणून वागणारा देश आता शिकणारा झाला. प्रशांत महासागरातील बारा छोट्या देशांनी एकत्र येऊन चालवलेले आणि १९६८ साली फिजीत सुरू झालेले दक्षिण प्रशांत विद्यापीठ हा याहून वेगळा नमुना आहे: सामोआ येथे कृषी, वानुआतू येथे कायदा, अशी विभागणी असल्याने या बेटांवरील तरुणांची गाठ आधी शेजाऱ्यांशी पडते. भारतही १९६४ पासून ‘आयटेक’ या तांत्रिक सहकार्य योजनेतून विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत आला आहे.

मात्र त्याच वेळी परदेशी विद्यार्थ्यांची फी हे अनेक विद्यापीठांच्या उत्पन्नाचे मुख्य साधन बनले आहे आणि विद्यापीठेच विद्यार्थ्याच्या दारी शाखा काढू लागली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने २०२४ साली गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अध्यापन सुरू केले. पदवी घरबसल्या मिळणे सोयीचे आणि स्वस्त आहे, यात शंका नाही. पण वर सांगितलेली सर्व उदाहरणे पाहिली, तर टिकाऊ परिणाम अभ्यासक्रमातून क्वचितच आले आहेत, ते परक्या समाजात राहून जुळलेल्या संबंधांतून आले आहेत. दुसरीकडे, तात्काळ लाभ दाखवता येत नाही म्हणून देवाणघेवाणीच्या सार्वजनिक निधीवर गदा येते. ईस्ट-वेस्ट सेंटरमधून ६० हजारांहून अधिक जण शिकून गेले असूनही २०१७ साली अमेरिकी प्रशासनाने त्याचे अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता.

अशा प्रस्तावांना केवळ सदिच्छेची भाषा बोलून उत्तर देता येणार नाही, कारण सदिच्छा मोजता येत नाही आणि यामामोतो यांचे उदाहरण नेहमीच समोर ठेवता येईल. उत्तर द्यायचे तर हिशेबाची पद्धतच बदलावी लागेल. किती विद्यार्थी गेले आणि किती पदव्या मिळाल्या यांऐवजी परतलेल्यांनी वीस वर्षांत कोणत्या संस्था उभ्या केल्या, त्या संस्थांनी पुढे किती जणांना बाहेर पाठवले वा बाहेरून बोलावले आणि संकटकाळी जुन्या संबंधांचा कोणाला उपयोग झाला, हे मोजणे अधिक योग्य ठरेल. असा हिशेब ठेवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांशी दीर्घकाळ संपर्क ठेवणारी यंत्रणा लागते, परतणाऱ्यांसाठी मायदेशी जागा निर्माण कराव्या लागतात आणि निधी एका सरकारच्या कार्यकाळापुरता न देता पिढीच्या मुदतीने द्यावा लागतो. चीनने १८८१ साली मुले परत बोलावली तेव्हा योजना थांबली, पण तिने घडवलेली माणसे काम करत राहिली. आजची सरकारे निधी थांबवतील तेव्हाही काही माणसे कुठे ना कुठे तशीच काम करत राहतील. फरक इतकाच पडेल की, त्यांच्यानंतर जाणारी तुकडी तयारच झालेली नसेल. आणि या व्यवहाराचा खरा लाभ त्या पुढच्या तुकडीतच साठत आला आहे.